धूर, दाखला आणि लुकलुकणारी डबी

ॲव्हरेज वाढवणाऱ्या वस्तू, कंपन्यांनी परत बोलावलेल्या गाड्या आणि डिझेलचा धूर यांवर या वेळी इतकी पत्रं आली की सारखे प्रश्न एकत्र करावे लागले. गाडीचा नंबर किंवा चॅसी नंबर कृपया पत्रात लिहू नका. मॉडेल, वर्ष आणि रीडिंग एवढं पुरतं.

प्रश्न : म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नऊशे रुपयांना एक डबी घेतली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लावायची. दोनशे किलोमीटर चालवली की ती गाडी ‘शिकते’ आणि पेट्रोल पंधरा टक्के वाचतं, असं विक्रेत्याने सांगितलं. तीन दिवे लुकलुकतात. ॲव्हरेज सोळावरून साडेसतरा झालेलं दिसतंय. हे खरं की मनाचे खेळ? (वाचक, म्हापसा)

उत्तर : डबी उघडा. कडेला खाच असते, चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने पटकन सुटते. त्या सॉकेटला सोळा पिना असतात. सोळावी बॅटरीची, चौथी आणि पाचवी अर्थिंगची, आणि आजच्या गाड्यांत सहावी व चौदावी गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलण्याची. डबीतल्या हिरव्या पट्टीवर सहाव्या आणि चौदाव्या पिनेपासून निघालेली रेघ कुठे जाते ते भिंगाने पाहा. अशा स्वस्त डब्यांत ती बहुधा कुठेच पोचत नाही. सोळावी पिन वीज घेते, एक लहानशी चिप ठरलेल्या तालावर दिवे लावते, खेळ संपला. चवथीला गणपतीवर बांधतो त्या माटोळीवरच्या दिव्यांच्या माळेतही एवढीच अक्कल असते.

समजा रेघ चिपपर्यंत जाते. तरी पेट्रोल वाचवायला जागा कुठे आहे? पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग, हे वजनाचं प्रमाण इंजिनचा कॉम्प्युटर सायलेन्सरच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून सेकंदाला अनेकदा दुरुस्त करत असतो. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या अरुंद पट्ट्यातच नीट काम करतो. बाहेरून कोणी पेट्रोल कमी केलं तर सेन्सर ते ओळखतो आणि कॉम्प्युटर पुन्हा वाढवतो. इग्निशनचा वेळ किंवा पेट्रोलचे तक्ते खरोखर बदलायचे तर त्या विशिष्ट मॉडेलची, त्या विशिष्ट सॉफ्टवेअर आवृत्तीची फाइल लागते. मारुतीपासून महिंद्रापर्यंत सगळ्यांना चालणारी एकच डबी हे करू शकत नाही.

मग साडेसतरा आले कुठून? तुम्ही दहा लिटरच्या आसपास भरून हिशेब केला असावा, असा आमचा अंदाज. एकशे साठ किलोमीटरला दहा लिटर म्हणजे सोळा. तेवढ्याच अंतराला नोझल थोडं आधी कट झालं आणि ९.१५ लिटर बसलं की झाले साडेसतरा. पाऊण-एक लिटरचा हा फरक गाडी पंपावर जराशी कललेली असली, नोझल वेगळं असलं किंवा भरणाऱ्याने कटनंतर दोनदा ‘टक टक’ केलं तरी सहज पडतो. शिवाय पैसे मोजून वस्तू लावली की माणूस पहिले दोन आठवडे ॲक्सिलरेटर हलका दाबतो. विक्रेत्याचे ‘शिकण्याचे’ दोनशे किलोमीटर म्हणजे हेच. शिकतो तो चालवणारा.

खरं तपासायचं तर असं करा. एकच पंप, एकच नोझल, सकाळची वेळ, गाडी सपाट जागी. पहिला कट झाला की थांबायचं, वर एक थेंब नाही. टायरमधली हवा थंड टायरवर, दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे. दर भरण्यात किमान तीनशे किलोमीटर, रोजचाच रस्ता, एसी नेहमीसारखा. तीन भरण्या डबी लावून, तीन काढून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डबी आत आहे की नाही हे चालवणाऱ्याला कळता कामा नये. घरातल्या दुसऱ्या कोणी तरी ती लावावी-काढावी आणि सॉकेटवर कापडाची पट्टी डकवावी. सहा आकडे कागदावर मांडा. डबीसह आणि डबीविना या दोन गटांतला फरक प्रत्येक गटाच्या आतल्या चढउतारापेक्षा मोठा नसेल, तर फरक नाही. मीटरच्या पडद्यावर दिसणारं ॲव्हरेज या कामाला घेऊ नका. ते कॉम्प्युटरने मांडलेला अंदाज असतो आणि बहुधा थोडं खुशामत करतं.

तोवर डबी काढूनच ठेवा. गाडी बंद असतानाही ती बॅटरीतून वीज घेते, आणि पावसाळ्यात दोन आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीला तेवढं निमित्त पुरतं. स्वस्त डबी सहा-चौदा पिनांवर कचरा संदेश टाकू लागली तर एबीएस किंवा पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागतो, आणि मग स्कॅनरवाल्याचे पैसे वेगळे.

प्रश्न : एका गॅरेजवाल्याने पाण्यापासून हायड्रोजन करून इंजिनात सोडणारं किट सुचवलं आहे. किंमत अठरा हजार. ‘पाणी फुकट, वीज गाडीचीच’ असा त्याचा दावा. (वाचक, फोंडा)

उत्तर : वीज गाडीचीच, पण गाडीची वीज पेट्रोलमधूनच येते. एवढ्यावरच हिशेब संपतो, पण आकडे मांडूया. असं किट साधारण २० अँपिअर ओढतं. सहा घरांच्या सेलमधून तेवढ्या करंटला मिनिटाला एक लिटरपेक्षा थोडा कमी हायड्रोजन निघतो. तो जाळून मिळणारी उष्णता सुमारे १५० वॉट. तो काढायला अल्टरनेटरने दिलेली वीज सुमारे २७५ वॉट. अल्टरनेटर स्वतःच निम्म्याच्या जरा वर कार्यक्षम, आणि इंजिन पेट्रोलच्या उष्णतेचा पाव-एक भाग कामात आणतं. म्हणजे १५० वॉटच्या हायड्रोजनसाठी जवळजवळ दोन हजार वॉटचं पेट्रोल जाळायचं. पणजी-मडगाव रस्त्यावर साठच्या वेगाने जाणारी साधी गाडी तासाला चारेक लिटर पेट्रोल जाळते, ती उष्णता ३५ हजार वॉट. त्यात हे १५० म्हणजे भाजीच्या कढईत कोथिंबिरीचं एक पान.

काही किटांसोबत ऑक्सिजन सेन्सरच्या तारेत जोडायची एक छोटी सर्किट देतात. त्यापासून दूर राहा. ती सेन्सरला खोटं सांगते, मिश्रण पातळ होतं, आणि थोडं पेट्रोल खरंच वाचल्यासारखं दिसतं. पण ज्वलनाचं तापमान चढतं, नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, कन्व्हर्टर ते मोडू शकत नाही, आणि जोर लावताना व्हॉल्व्ह भाजतात. सेलमधलं पाणीही नुसतं पाणी नसतं. त्यात कॉस्टिक पोटॅश असतो, अंगावर उडाला तर कातडी भाजते. पेट्रोलच्या नळीवर बांधायच्या चुंबकांबद्दल तीन जणांनी विचारलं आहे. पेट्रोल चुंबकाला दाद देत नाही. चुंबक फ्रिजवर लावा.

प्रश्न : २०१३ ची फोक्सवॅगन गटातली डिझेल गाडी जुन्यात घेतोय. मालक म्हणतो पीयूसी दरवर्षी पास होते, मग ते ‘धुराचं प्रकरण’ खोटं असलं पाहिजे. नक्की काय होतं, आणि मी काय तपासू? (वाचक, पर्वरी)

उत्तर : पीयूसी खरी आणि प्रकरणही खरं. दोन्ही एका वेळी शक्य आहे, कारण पीयूसीचं यंत्र ती गोष्ट मोजतच नाही.

डिझेल गाडीच्या पीयूसीत उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धूर किती काळा ते पाहतात. भारत स्टेज या सरकारी धूरमानकांपैकी बीएस-४ गाडीला काळेपणाची मर्यादा १.६२, बीएस-६ ला ०.७. ही झाली काजळी. फोक्सवॅगनने लपवलं ते नायट्रोजनचे ऑक्साइड. त्यांना धुरासारखा काळा रंग नाही आणि पीयूसी केंद्रात ते मोजायची सोय नाही. ते तयार होतात ज्वलन खूप गरम झालं की. ते कमी करायला सायलेन्सरकडचा थोडा धूर परत इंजिनात फिरवतात, त्याला ईजीआर म्हणतात. ज्वलन थंड पडतं, ऑक्साइड घटतात. पण काजळी वाढते आणि जोर व ॲव्हरेज यांवर थोडा भार येतो. म्हणजे एक दाबलं की दुसरं वर येतं. प्रामाणिक इंजिनियर मधला बिंदू शोधतो. इथे सॉफ्टवेअरने दोन बिंदू ठेवले, एक परीक्षेचा आणि एक रस्त्याचा.

परीक्षा ओळखायची कशी? प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी असते, चाकं फिरतात पण स्टिअरिंग हलत नाही, आणि वेगाचा आलेख सेकंदासेकंदाला आधीच ठरलेला असतो. युरोपच्या जुन्या चाचणीत ११८० सेकंद आणि सुमारे ११ किलोमीटर. किती सेकंदांत किती अंतर कापलं हे ताडून पाहिलं की कॉम्प्युटरला कळतं, बाई परीक्षेला बसल्या आहेत. मग ईजीआर शहाण्यासारखा वागतो. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूने मोजणीचं यंत्र डिकीत ठेवून गाड्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. २०१४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि फोक्सवॅगनच्या जेट्टा गाडीचे आकडे अमेरिकेच्या मर्यादेच्या पंधरा ते पस्तीस पट निघाले. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नोटीस काढली. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या.

भारतात कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावल्या, फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी तिन्ही मिळून; ईए-१८९ घराण्यातली १.२, १.५, १.६ आणि २.० लिटरची इंजिनं. कंपनीचं म्हणणं असं होतं की भारतात तेव्हा रस्त्यावरच्या चाचणीचा नियमच नव्हता, त्यामुळे नियमभंग नाही. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड केला, पुढे मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या वसुलीला स्थगिती दिली. रस्त्यावरची मोजणी आपल्याकडे बंधनकारक झाली ती बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, १ एप्रिल २०२३ पासून. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादाही बीएस-४ च्या किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून बीएस-६ मध्ये ८० वर आली.

आता तुमची गाडी. सतरा अक्षरांचा चॅसी नंबर आरसीवर असतो, तो घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि ‘या नंबरवर कोणतं रिकॉल बाकी आहे का’ एवढंच विचारा. उत्तर स्क्रीनवर येतं. काम झालेलं असेल तर त्याची तारीख आणि किलोमीटर मागा. नसेल झालं तर व्यवहाराआधी मालकाकडून करून घ्या. ते फुकट असतं.

त्यानंतर बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि ईजीआर व्हॉल्व्हच्या सांध्याकडे पाहा. जुन्या इंजिनावर सगळे बोल्ट मळलेले असताना तिथलेच दोन चकचकीत दिसले, आणि दोन फ्लँजमध्ये कागदासारखी पातळ पत्र्याची कड डोकावत असली, तर कोणी तरी ईजीआरची वाट बंद करणारी ब्लँकिंग प्लेट बसवली आहे. अशी गाडी चढावर छान ओढते, विकणारा ‘पिकअप बघा’ म्हणून चोर्ला घाटात नेऊन दाखवील. नाकारा, किंवा ती पट्टी काढून, व्हॉल्व्ह साफ करून, मग स्कॅनरवर ‘सांगितलेला’ आणि ‘प्रत्यक्ष’ ईजीआर जुळतो का ते पाहा. रिकॉलमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालेल्या गाडीत ईजीआर जास्त काम करतो, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, कार्बन लवकर धरतो. ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर झालेल्या गाडीत मॅनिफोल्ड सफाईचा खर्च किमतीतून वळता करायला हरकत नाही.

प्रश्न : परदेशी कंपन्यांचं सोडा. आपल्या टॅक्सींमध्ये असं कधी झालंय का? (टॅक्सीचालक, मडगाव)

उत्तर : झालंय, आणि तुमच्याच धंद्यातल्या गाडीत. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने शेवरले टवेराच्या सुमारे १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या, २००५ ते २०१३ दरम्यानच्या. तिथे सॉफ्टवेअरचं काही नव्हतं, प्रकार अगदी हातचा. तपासणीसाठी जाणाऱ्या गाडीत कमी धूर सोडणारं, आधीच निवडून ठेवलेलं इंजिन बसवायचं. आणि गाडीचं वजन कमी दाखवायचं, म्हणजे चाचणीचा भार हलका होतो. कंपनीने हे स्वतःच सरकारला कळवलं. लग्नाच्या बोलणीला धाकटी बहीण दाखवण्यासारखा प्रकार.

दुसरं प्रकरण ताजं. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटा गटाने जाहीर केलं की काही डिझेल इंजिनांची अश्वशक्ती प्रमाणित करताना विकायच्या इंजिनापेक्षा वेगळं सॉफ्टवेअर वापरलं, म्हणजे आकडे गुळगुळीत आणि एकसारखे येतात. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांची रवानगी भारतात काही दिवस थांबली, मग सुरू झाली. क्रिस्टावाल्यांनी घाबरायचं कारण नाही. ते प्रकरण ताकदीच्या मोजणीचं होतं, धुराचं नव्हे.

प्रश्न : बीएस-६ डिझेल गाडी. साखळी ते डिचोली रोज दोनदा. आठ महिन्यांत डीपीएफचा दिवा तिसऱ्यांदा लागला. गॅरेजवाला म्हणतो, ‘आतली जाळी काढून टाकतो, कॉम्प्युटरमधूनही बंद करतो, कटकट मिटेल, ॲव्हरेजही वाढेल.’ बारा हजार मागतोय. (वाचक, साखळी)

उत्तर : नको. दिवा का लागतो ते आधी समजून घ्या, कारण तुमचा दोष गाडीत कमी आणि रस्त्यात जास्त आहे.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली मातीच्या भांड्यासारख्या पदार्थाची चाळणी. काजळी तिच्यात अडकते. ठरावीक साठली की कॉम्प्युटर जास्तीचं डिझेल सोडून आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळतो. याला दहा-वीस मिनिटं लागतात. तुमचा प्रवास तेवढ्यात संपतो. जळायला सुरुवात झाली आणि तुम्ही चावी फिरवली, असं पाच-सहा वेळा झालं की दिवा.

दिवा नुसता पिवळा आहे, गाडीचा जोर कमी झालेला नाही, तर टाकीत पाव भागापेक्षा जास्त डिझेल आहे याची खात्री करा आणि मोकळ्या रस्त्यावर निघा. तुमच्याकडून धारगळच्या बाजूचा चौपदरी महामार्ग सोयीचा. साठ-सत्तरचा स्थिर वेग, गिअर एक खाली, इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर, वीस-पंचवीस मिनिटं. मध्ये बंद करू नका. काजळी जळत असताना उभ्या गाडीचा आरपीएम थोडा जास्त असतो, रेडिएटरचा पंखा जोरात फिरतो, जळकट वास येतो. हे सगळं ठीक. थांबल्यावर सुक्या गवतावर किंवा पेंढ्याजवळ गाडी उभी करू नका, सायलेन्सर प्रचंड तापलेला असतो. दोन आठवड्यांतून एकदा अशी फेरी ठेवलीत तर बहुतेक प्रश्न सुटेल.

दिवा लाल झाला किंवा गाडी ओढेनाशी झाली की ही युक्ती करू नका. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनरने उभ्या उभ्या जाळावं लागतं. तिथे चाळणी बदलण्याचं कोटेशन हातात पडलं तर आधी तीन गोष्टी विचारा. डीपीएफच्या दाबाचा सेन्सर आणि त्याच्या दोन बारीक रबरी नळ्या तपासल्या का? आपल्या खारट दमट हवेत सेन्सरच्या कनेक्टरवर हिरवं चढतं, नळीला चीर जाते, आणि रिकामी चाळणीही भरलेली दिसते. काही शे रुपयांच्या नळीसाठी लाखाची चाळणी बदललेली चालणार नाही. दुसरं, इंजेक्टर गळतोय का किंवा टर्बोच्या नळीतून हवा निसटते का? तसं असेल तर काजळीच जास्त बनते, नवी चाळणीही तशीच भरेल. तिसरं, ऑइल कोणतं घातलं? डीपीएफ गाडीला कमी राखेचं, बाटलीवर सी-२ किंवा सी-३ लिहिलेलं ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये पाहा. काजळी जळते, राख जळत नाही.

ऑइलची पट्टी दर पंधरा दिवसांनी काढून बघा. पातळी चढलेली दिसली तर आनंद मानू नका. अर्धवट राहिलेल्या जळणाचं डिझेल सिलिंडरच्या कडेने ऑइलमध्ये उतरलंय. वरच्या खुणेपलीकडे गेलं की ऑइल लगेच बदला. पातळ ऑइलवर टर्बोचं बेअरिंग जातं.

जाळी काढण्याबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलाला’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण तुमचा गॅरेजवाला डीपीएफसोबत ईजीआरही बंद करणार. वॉरंटी जाते, आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला निमित्त मिळतं. शिवाय कॉम्प्युटरमध्ये घातलेली फाइल कुठून आणलीय हे तोही सांगू शकणार नाही. पुढच्या सर्व्हिसला कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट केलं की ती पुसली जाते आणि चाळणीविना गाडी चाळणी शोधत बसते. बारा हजारांत किती फेऱ्या धारगळच्या होतात, मोजा.

एक मात्र कबूल. रोज आठ-दहा किलोमीटरच चालवायचे असतील तर डिझेल गाडी ही निवडच चुकीची, आणि ते विकताना शोरूमने सांगायला हवं होतं.

प्रश्न : ‘तुमच्या गाडीचं एअरबॅग रिकॉल आहे, बुकिंगसाठी ओटीपी सांगा’ असा फोन आला. गाडी दहा वर्षं जुनी. खरं असेल का? (वाचक, वास्को)

उत्तर : ओटीपी मागितला की फोन ठेवा. रिकॉलला पैसे लागत नाहीत आणि ओटीपीही फोनवर सांगावा लागत नाही. पण रिकॉल खरं असू शकतं, म्हणून स्वतः कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसी नंबर टाकून पाहा.

तुमच्यासारख्यांनी ते जरूर पाहावं, कारण टकाटा कंपनीच्या एअरबॅगचा दोष नेमका आपल्या हवेत वाढतो. बॅग फुगवायला आत अमोनियम नायट्रेटच्या वड्या असतात. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून त्या ठिसूळ होतात, मग जळतात त्या हव्या त्यापेक्षा वेगाने, धातूची डबी फुटते आणि तिचे तुकडे चालवणाऱ्यावर येतात. अमेरिकेने बदलाबदल दमट किनाऱ्यावरच्या राज्यांतून आधी केली ती याच कारणाने. होंडासह अनेक कंपन्यांनी भारतात यासाठी गाड्या परत बोलावल्या. पत्ता बदलल्यामुळे किंवा गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्यामुळे पत्र पोचलं नाही, अशा गाड्यांचं काम राहून जातं. जुन्यात गाडी घेणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशी तपासावं.

सरकारला सक्तीने रिकॉल करायला लावण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने मिळाला, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून आणि सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. तक्रार वाहन पोर्टलवर नोंदवता येते. पण बहुतेक रिकॉल कंपन्या स्वतःहून करतात, आणि त्यांना वयाची अट नसते. उदाहरणार्थ ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने इंधन पंपासाठी सुमारे ९० हजार जुन्या गाड्या बोलावल्या. त्या पंपातलं पातं सदोष असू शकत होतं, आणि पंप अडला की चालती गाडी बंद पडते.

प्रश्न : भाड्याने देण्याच्या सहा स्कूटर आहेत. दोन पीयूसीत नापास झाल्या. ‘गाडी न आणता दाखला करून देतो’ म्हणणारा एक जण भेटलाय. (वाचक, पेडणे)

उत्तर : दाखल्यासाठी नंबरप्लेटसकट गाडीचा फोटो पोर्टलवर चढतो; न नेलेल्या गाडीचा दाखला म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची मोजणी. पर्यटक पकडला गेला तर दंड त्याला, पण काळी-पिवळी प्लेट तुमची.

बहुधा एअर फिल्टर चोंदलाय. लाल मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या स्कूटरचा फिल्टर पुस्तकातल्या अंतराच्या निम्म्यात बदलावा लागतो. मग प्लग, टोकाला काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. सायलेन्सरच्या सांध्यात फट नाही ना, ते इंजिन चालू करून सांध्याजवळ हाताला ऊब लागते का पाहून कळतं. आणि केंद्रावर नेताना पंधरा मिनिटं चालवून न्या, रांगेत बंद करून ठेवू नका. थंड कन्व्हर्टर काहीच साफ करत नाही, आणि चांगली स्कूटरही तिथेच नापास होते. बीएस-४ आणि बीएस-६ ला दाखला बारा महिन्यांचा, त्याआधीच्यांना सहा.

प्रश्न : पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं झाल्यापासून ॲव्हरेज पडलंय. ‘ई-२० रक्षक’ नावाचं औषध टाकीत घालावं का? (वाचक, काणकोण)

उत्तर : लिटरभर शुद्ध पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये सुमारे २१. दहा टक्के मिश्रणाला ३०.९ येतात, वीस टक्क्याला २९.८. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट अपेक्षितच, अठराची गाडी साडेसतराच्या जरा खाली. कुठलंही औषध ही ऊर्जा परत आणत नाही, कारण पन्नास मिलीच्या बाटलीत ती नसतेच. घट दहा टक्के असेल तर मात्र दोष इथेनॉलवर ढकलू नका. टायरमधली हवा, अडकलेला ब्रेक आणि ऑक्सिजन सेन्सर बघा.

जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीला त्रास खरा आहे, पण तो रबराचा. पेट्रोलची नळी, ओ-रिंग आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात; नळी वाकवून बघा, भेगा दिसल्या तर ई-२० ला चालणारी घाला. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवतं, म्हणून पहिल्या दोन-तीन भरण्यांनंतर फिल्टर बदला. ते पाणीही ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी सोडू नका, भरून ठेवा. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट ते तळाशी वेगळं बसतं, आणि नेमकं तेच आधी इंजिनकडे जातं. स्टार्ट होईना आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडल्यावर काचेच्या बाटलीत दोन थर दिसले, तर ती टाकी पूर्ण रिकामी करा, ताजं पेट्रोल घाला. खालचा थर गाळून परत वापरू नका.